काजळ फक्त मृतांसाठी

प्राचीन इजिप्तमधल्या थीब्ज शहरात, नाईलच्या पश्चिम तीरावर, शवपेट्यांवर डोळे रंगवणाऱ्या पेनबुईचे स्वतःचेच डोळे आले होते. तिथल्या वाळूपुढे आणि उन्हापुढे काजळाशिवाय कुणाचं काही चालत नाही. काल त्यानं एका पुजाऱ्याच्या पेटीवर काढलेला डोळा बोटभर खाली घसरला. "आणखी एक वाकडा डोळा काढलास, की दगड ओढायला जायचं," मुकादमानं बजावलं. म्हणून पेनबुई सरकारी भांडारात गेला.

भांडारप्रमुख नेबरे कानशिलापर्यंत काजळ ओढून बसला होता.

"असा उघड्या डोळ्यांनी आत आलास? भांडाराची काही शान आहे की नाही? काजळ घालून ये."

"साहेब, काजळच तर न्यायला आलोय."

"घालून आलास की बघू."

पेनबुईच्या बायकोनं, वाबखेतनं, आपल्या कुपीचा तळ खरवडला आणि त्याचे डोळे रेखले. तो परत गेला. नेबरेनं निरखून पाहिलं.

"घातलंय की! आणखी कशाला? हाव सुटली का रे?"

"साहेब, डोळे जाताहेत माझे!"

"अरे, साठा मृतांसाठी राखीव आहे. त्यांना अनंतकाळ पुरायला हवा. तुझं काय, चार दिवसांचा खेळ."

घरी हे ऐकून वाबखेतचं डोकंच फिरलं. ती नवऱ्यावर कडाडली, "मग मर की मेल्या! जिवंत राहून काय दिवे लावलेस?" तिनं केसांत धूळ घातली आणि "नवरा गेला हो!" म्हणून ऊर बडवत ती भांडारात शिरली. नेबरेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यानं सगळं काढून दिलं: काजळ, सुगंधी तेल, चिमटा, आरसा, वर नवाकोरा केसांचा टोपसुद्धा! "फार गुणी माणूस हो! काही कमी पडू देऊ नका त्याला," तो म्हणाला.

काजळानं पेनबुईचे डोळे निवळले. टोप चढवून तो रुबाबात कामावर गेला, तर त्याच्या जागी नवा कारागीर बसलेला.

"मेलेल्याला कामावर कसा घेऊ, बाबा?" मुकादम हळहळला. "पण दिसतोस मात्र छान."

नवा कारागीर पेनबुईच्याच नावाची शवपेटी रंगवत होता. पेनबुईला राहवेना.

"अरे, डोळा वाकडा काढलास की माझा!"

"काय करू, दादा?" तो डोळे चोळत म्हणाला. "काजळच मिळत नाही."

हसलात? हसा. तेवढ्यात तुमच्या घरी आतल्या खोलीतून म्हाताऱ्यांनी डोळ्यांत औषध घालायला पुन्हा हाक मारली असेल. जा सावकाश. मेल्यावर आपण सगळं थाटात करणारच आहोत.