पाच पेशंटचा रिसेप्टर

मेंदूला ब्रेक कसा लागतो, हे मला विचारा! कॉलेजात मी वर्षानुवर्षं तेच शिकवतोय. त्यामुळे ठणकणारी दाढ काढायला निघालो, तेव्हा बायकोला छातीठोकपणे सांगितलं, "अगं, घाबरू नये म्हणून आधी एक गोळी देतात. ती मेंदूतल्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीच्या दाराच्या चौकटीवर, जाऊन बसते. मग गाबा नावाचं रसायन आलं की तिथलं दार पटापट उघडतं, क्लोराइडचे कण आत घुसतात आणि पेशी चिडीचूप! मी नुसता पुतळा होऊन बसेन."

"पुतळा? तुम्ही?" बायको म्हणाली.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनीही बजावलं, "या गोळीने एखादा उलटा चेकाळतो हं!"

"तो एखादा मी नव्हे!" म्हणत मी गोळी गिळली. खरं तर दाढेपेक्षा त्यांच्या पकडीचीच मला जास्त धास्ती होती.

पुढचं मला धड आठवत नाही. बायकोने सांगितलं, अर्थात तिखटमीठ लावून!

थोड्याच वेळात मी बाहेरच्या खोलीत टीपॉयवर उभा! नंबराची वाट बघत बसलेल्या पाच पेशंटना मी हातात हात घालून गोल उभं केलं होतं. "या रिसेप्टरचे तुकडे पाचच असतात! आजी, हलू नका, नाहीतर माणसाला झटके येतील!"

"मला फक्त कवळी घट्ट करून हवीय हो," आजी कळवळल्या.

"कवळी नंतर! आधी मेंदू!"

बायको माझा शर्ट ओढत होती. "अहो, उतरा खाली! लोक बघताहेत!"

"तू गाबा! त्या काकांच्या खांद्याला हात लाव, म्हणजे दार उघडेल!"

मी एकदाचा गप्प बसावा म्हणून बिचारीने हात लावला. काकांनी आजींचा हात सोडला, कडं उघडलं आणि मी, साक्षात क्लोराइड, टीपॉयवरून उडी मारून मधून सुसाट सुटलो! नेमकं तेव्हाच, हा काय गोंधळ म्हणून डॉक्टरीणबाईंनी आपल्या खोलीचं दार बाहेर ढकललं.

धाड!

भानावर आलो तर त्यांच्या तळहातावर दात! मला आनंदाचं भरतंच आलं. "काढलात? आणि मला कळलंसुद्धा नाही!"

"हा पुढचा आहे. चांगला धडधाकट होता," त्या म्हणाल्या. "दाढ जागेवरच आहे. उद्या या."

"आणि गोळी?" मी नव्या फटीतून विचारलं.

"गोळी राहू दे," बायको म्हणाली. "उद्या मी दोरी आणते!"