देवश्रीचं वजन

मोठ्या भानगडी नेहमी छोट्या शहाणपणातून सुरू होतात. त्र्यंबकनं केलेलं शहाणपण एवढंच, की त्यानं आपल्या अंतराळयानाला बायकोचं नाव दिलं.

यान अर्थातच व्हिडिओ गेममधलं. (खरं यान परवडलं असतं, तर तो म्हैसूरच्या विजयनगरात भाड्यानं कशाला राहिला असता?) गडी मूळचा साताऱ्याचा, वय बेचाळीस, नोकरी सॉफ्टवेअरमधली. ऑफिसात त्याला विचारून कुणी खिडकीसुद्धा उघडत नसे, पण गेममध्ये तो कॅप्टन होता. गेमनं विचारलं, यानाचं नाव काय ठेवू? नेमकी त्याच वेळी देवश्री कॉफीचा पेला घेऊन पाठीशी उभी. त्र्यंबकनं पटकन 'देवश्री' टाइप केलं.

बायको विरघळली. "रोज दोन तास खेळ जा," ती म्हणाली, "पण माझ्या नावाला जप हं." चौदा वर्षांच्या संसारात एवढी मोठी सवलत त्याला पहिल्यांदाच मिळाली होती.

गेम झकास होता. एका ग्रहावर तर दोन सूर्य एकदम मावळत, आणि ते बघताना त्र्यंबक सोमवारच्या मीटिंगा साफ विसरून जाई. वाईट एकच होतं. दिसेल ते उचलायची त्याला खोड लागली. रिकामे कप, तुटक्या बंदुका, कुण्या परग्रहवासीयाचं अर्धं सँडविच, चौदा झाडू... "असू दे, कधीतरी लागेल," म्हणत सगळं यानात. (हाच माणूस घरी स्वतः प्यायलेला कप उचलत नाही, हे देवश्रीनं दोनदा बोलून दाखवलं होतं.) गेमचा नियम असा, की वजन जास्त झालं की यान उडत नाही, आणि उडाल्याशिवाय खेळ सेव्ह होत नाही. यान चार दिवस एका फालतू चंद्रावर बसून होतं आणि त्या भीतीनं त्र्यंबकनं टीव्हीला जोडलेलं गेमचं मशीनच चार दिवस बंद केलं नव्हतं.

झाडू टाकून द्यायला जीव होईना. मग एकच उपाय उरला, 'देवश्री' विकून मोठं यान घ्यायचं. पण बायकोला कळलं तर दोन तास गेलेच म्हणून समजा. काम गुपचूप उरकायला हवं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेच्या सकाळी देवश्री झेंडू आणि कोहळा आणायला बाजारात गेली आणि संधी चालून आली. त्र्यंबकनं हेडफोन चढवले आणि ऑफिसातल्या विक्रांतला सल्ल्यासाठी फोन लावला. हेडफोन घातले की माणसाला सगळं जग बहिरं वाटतं, त्यामुळे तो ओरडूनच बोलत होता.

इकडे घरमालक गुरुराव जिना चढून वर आले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरातलं. आजोबा कापडं रंगवायचे. घरात मराठी टिकली होती, पण तिच्यावर कन्नडचा पक्का रंग बसला होता. आयुधपूजेला इमारतीतल्या सगळ्या गाड्यांची पूजा तेच करत, म्हणून त्र्यंबकच्या गाडीची किल्ली मागायला ते आले होते. दार अर्धवट उघडं होतं.

"विक्रांत, देवश्रीचं वजन भलतंच वाढलंय रे! जागची हलत नाही!"

गुरुरावांचा पाय उंबऱ्यावरच थबकला.

"कमी कसलं होतंय! विकूनच टाकतो. जुनी देऊन नवी... हो, बघून ठेवलीय ना! काय उठते झटकन! हिला कळायच्या आत उरकलं पाहिजे. नवीचं नावही देवश्रीच ठेवणार. पत्ताच लागणार नाही!"

गुरुराव तीरासारखे आत शिरले आणि त्यांनी हेडफोन ओढून काढले.

"अय्यो त्र्यंबकराव, बेडा, बेडा! नको, असं करू नका. इतकी वर्षं सांभाळली की तुमाला, अल्वा, हो ना?"

त्यांनी टीव्हीवर सगळं बघितलं असणार, असा त्र्यंबकचा समज. "वर्षं कुठली, गुरुराव? तीनच महिने झाले."

"तीन महिने?" गुरुराव मटकन खुर्चीत बसले. "मग पैली कोण होती?"

"पहिली सगळ्यांना फुकटच मिळते. ती आपटून फुटली."

"शिव शिव! आणि हिला विकणार कोणाला?"

"आहे एक व्यापारी. चार हात आहेत, पण व्यवहाराला चोख."

दारात कोहळा घेऊन देवश्री उभी होती. गुरुराव धावत तिच्यापुढे गेले. "देवश्रीअम्मा, घाबरू नका. मी हाय तोवर तुमाला कोणी विकत नाही!"

पुढची पंधरा मिनिटं त्र्यंबक टीव्हीकडे बोट दाखवून खुलासा करत होता. गुरुराव पोट धरधरून हसले. देवश्री मात्र हसली नाही. "माझं वजन?" एवढंच तिनं विचारलं, आणि त्र्यंबकला यान, चंद्र, व्यापारी सगळं एकदम नकोसं झालं.

"म्हणजे हे वाहनच की, अल्वा?" गुरुराव टीव्ही निरखत म्हणाले. "मग पूजा नको?"

विषय बदलावा म्हणून त्र्यंबकनं जोरजोरात मान हलवली. गुरुरावांनी टीव्हीला झेंडूची माळ घातली, मशीनला कुंकू लावलं. चाकाखाली चिरडायला लिंबं आणली होती, पण यानाला चाकं सापडेनात, म्हणून ती रिमोटखाली ठेवली. मग हात जोडून म्हणाले, "आज आयुधाला विश्रांती. उद्यापर्यंत हात लावायचा नाही, नोडी, बघा." आणि त्यांनी भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं.

"अहो, सेव्ह—" त्र्यंबकच्या तोंडून निघालं. चार दिवसांचा खेळ पुसला गेला. चौदा झाडूही गेले.

दसऱ्याला मशीन सुरू झालं ते देवश्रीच्या हातून. यान आता हलकंफूल होतं, पण तिनं पहिलं काम केलं ते नाव बदलायचं. 'त्र्यंबक'. "बघू तरी काय असतं एवढं त्यात," म्हणत ती खेळायला बसली आणि दोन सूर्य मावळताना बघून तिथंच रमली. रोजचे दोन तास तिचे झाले. तेवढ्या वेळात त्र्यंबक कप विसळू लागला.

पंधरा दिवसांनी तो असाच मोरीशी उभा असताना बाहेरून हेडफोन घातलेल्या देवश्रीचा खणखणीत आवाज आला. मैत्रिणीशी चाललं होतं. "अगं, त्र्यंबक फार जुना झालाय. आवाजच जास्त, पळत काही नाही. विकूनच टाकते!"

जिन्यात गुरुरावांची पावलं थबकली. त्र्यंबकनं नळ बंद केला. आता म्हातारा धावत येणार, आपली बाजू घेणार, या आशेनं त्याचा ऊर भरून आला.

"देवश्रीअम्मा," गुरुराव जिन्यातूनच ओरडले, "सरी, चालेल! पण द्यायच्या आधी त्यांच्या खिशातली गाडीची किल्ली तेवढी काढून घ्या, नोडी!"