नगरपालिकेच्या घड्याळाचं पुढे काय झालं

वाचनालयाच्या पुस्तक मंडळात सभासद पाच आणि पुस्तकाची प्रत नेहमी एकच. त्यावर ग्रंथपालबाईंनी तोडगा काढला होता: पुस्तकाची शिवण उसवायची, पानं पाच जणांत वाटायची आणि रविवारी ज्याने त्याने आपापल्या पानांतला मजकूर सांगायचा. प्रवासवर्णनाला हे खपून गेलं. पण या खेपेस पुस्तक होतं गावातल्या गुन्ह्यांचं, एका निवृत्त फौजदाराने दोन पिढ्यांपूर्वी आठवेल तसं लिहिलेलं. अनुक्रमणिका नाही, सनावळी नाही. चोरी एका पानावर, चोर शंभर पानांनंतर, आणि मध्ये एका हवालदाराच्या दमेकरी सासूवर चार पानं. असलं पुस्तक उसवायचं म्हणजे आगीत तेल ओतण्यासारखंच होतं.

मंडळातल्या शिंप्याच्या वाट्याला मधली पानं आली. त्र्याऐंशीव्या पानावर त्याच्या कपातला चहा हिंदकळला. नगरपालिकेच्या सभागृहातून भिंतीवरचं घड्याळ चोरीला गेलं आणि चौकातल्या दुकानाच्या शिंप्याला संशयावरून पकडलं, असं तिथे लिहिलं होतं. ‘निकाल पुढे योग्य जागी सांगू,’ एवढं म्हणून फौजदारसाहेब सासूकडे वळले होते.

चौकात शिंप्याचं दुकान एकच, तेही याच्याच घराण्याचं, म्हणजे पकडले गेले ते याचे सख्खे आजोबा. आणि पुढची पानं होती मुख्याध्यापिकाबाईंकडे. दुसऱ्या कोणाकडे असती तर त्याने हातापाया पडून आणली असती. पण बाईंच्या मुलाशी त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, महिन्यावर आलं होतं. बाई कडक शिस्तीच्या. चोराच्या घरची मुलगी त्या करून घेतील, हे त्याला स्वप्नातही खरं वाटेना.

आपणहून सांगून मोकळे व्हा, असं बायकोने स्वच्छ सांगितलं. त्याने अर्थातच ऐकलं नाही. जावयाच्या कोटाचं माप घ्यायला म्हणून तो बाईंकडे गेला. माप आधीच घेऊन झालं होतं. जावई बिचारा पुन्हा हात पसरून उभा राहिला. पानं खुर्चीवर होती. शिंप्याची नजर तिकडे गेली मात्र, बाई येऊन त्यांच्यावरच बसल्या. अदलाबदल करू या का, असं त्याने सुचवलं, तर म्हणाल्या, मी पुन्हा वाचतेय.

दोन दिवसांनी तर कहरच झाला. बटण लावायचं निमित्त काढून बाई दुकानात आल्या आणि त्याची पानं मागू लागल्या. उंदरांनी खाल्ली, असं त्याने ठोकून दिलं.

रविवारी ग्रंथपालबाई म्हणाल्या, पानं नसली तर नसोत, आठवतं ते सांगा. शिंपी उठला. हवालदाराची सासू त्याने जमेल तेवढी ताणली, पण दमेकरी असली तरी सासू किती पुरणार? मुख्याध्यापिकाबाई टक लावून बघत होत्या. शेवटी त्याला राहवेना. पानं खिशातच आहेत आणि घड्याळासाठी पकडले गेले ते माझे आजोबा, असं त्याने एका दमात सांगून टाकलं.

"विहीणबाई, पोरीचा यात काही दोष नाही," तो म्हणाला. "काय बोलायचं ते मला बोला."

बाईंनी पर्समधून पानं काढली, चष्मा लावला आणि हजेरी घ्यावी तशा आवाजात वाचलं, "शिंपी आठवडाभर सभागृहात शिडीवर दिसला तो पडद्यांची मापं घेण्यासाठी, हे सिद्ध होऊन तो सुटला. घड्याळ नेलं ते खुद्द अध्यक्षांनी. भाषणात त्याची टिकटिक मध्ये येते, असा त्यांचा जुना राग. कोटाच्या आत घालून ते चालते झाले."

मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "हे अध्यक्ष म्हणजे माझे आजोबा. तुमच्या पानांत त्यांचं आणखी काय काय असेल, या धास्तीने आठवडाभर डोळ्याला डोळा नाही. तुम्ही पोरगी देणार नाही असंच धरून चालले होते मी."

शिंप्याला हसावं की रडावं कळेना. पण सगळा जन्म कापडात गेलेला माणूस तो. "भिंतीवरचं घड्याळ कोटाच्या आत?" त्याने दोन्ही हातांनी घेर दाखवला. "बाई, असा कोट तयार मिळत नाही. एवढा आतला खिसा मुद्दाम मापाने शिवून घ्यावा लागतो."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "गावात तेव्हा शिंपी किती होते?"

"एकच," शिंपी म्हणाला. "आणि सभागृहाला खिडक्या दोन. दोन खिडक्यांचं माप घ्यायला आठवडा लागत नाही."

बाईंनी पानांची नीट घडी केली. "म्हणजे आपली सोयरीक जुनीच म्हणायची," त्या म्हणाल्या.