कोऱ्या बाटलीतलं मलम

दवाखान्याच्या टाकीतल्या पाण्यात यंत्राला डास पळवायच्या मलमाचा अंश सापडला. तोही अब्जात एक भाग. प्रयोगशाळेतल्या बाईंनी चष्मा पुसून पुन्हा तपासलं. मलम होतंच.

"टाकी बंद करायला कळवू?" मागे उभे असलेले साहेब म्हणाले. "दुपारी चार ऑपरेशनं आहेत तिथे."

"थांबा. आधी कोरी बाटली तपासते."

कोरी बाटली म्हणजे इथेच गाळलेलं शुद्ध पाणी. टाकीचं तोंडही न पाहिलेलं. त्यातही मलम! म्हणजे हे कुणाच्या तरी हातांचं काम. पहिला संशय अर्थातच नमुने आणणाऱ्या बाटलीमामांवर गेला.

"मामा, मलम लावलंत?"

"मला चावून डासच आजारी पडतात, बाई. लावायचं तर त्यांना लावावं लागेल."

बाईंनी मामांचे आणि स्वतःचे हात कोपरापर्यंत धुतले. मामा पुन्हा टाकीवर जाऊन ताजं पाणी घेऊन आले. यंत्राने तेच सांगितलं, उलट जरा ठासूनच.

"दवाखान्याचा तिसरा फोन," साहेब घायकुतीला आले. "करू या ना बंद. उगाच डोक्याला ताप."

"चार माणसं उपाशीपोटी वाट बघतायत. खात्रीशिवाय नळ बंद करायचा नाही. आणि चालूही ठेवायचा नाही."

"मग करायचं काय?"

"शोधायचं."

साहेबांनी सुस्कारा सोडला, हाताशी असलेल्या बाटलीचं बूच काढलं आणि आत नाक खुपसलं. "वास तर काहीच नाही बुवा."

बाई बघतच राहिल्या. सकाळपासून इथल्या प्रत्येक बाटलीचा, अगदी कोरीचाही, साहेबांनी असाच वास घेतला होता.

"साहेब, सकाळी बागेत फिरायला गेला होतात?"

"रोजच जातो. तिथे डास काय कमी..." साहेबांनी बूच हळूच खाली ठेवलं.

बाईंनी त्यांना दाराबाहेर काढलं. मामांनी तिसऱ्यांदा खेप घातली. या वेळी मलमाचा मागमूसही नव्हता. नळ चालू ठेवा, असं दवाखान्याला कळवलं आणि बाई अहवाल लिहायला बसल्या. त्यात 'दोषाचं कारण' असा एक रकाना होता.

साहेब उंबऱ्याबाहेरूनच मान उंचावत होते. "एवढ्याशा अंशासाठी माझं नाव घालणार?"

"एवढंसं शोधायलाच तर मला इथे बसवलंय, साहेब."

साहेबांनी सही करायला खिशातून पेन काढलं, पण कागद घेताना त्यांचा हात अडखळला.

"याला हात लावला तर चालेल ना?"

"लावा की," बाई म्हणाल्या. "हा कुणी पिणार नाही."