सर्व्हरला मुहूर्त

शहाद्याच्या हेमकांत पाटलाला एका सोमवारी सकाळी ई-मेल आला आणि तिथून पुढे त्याचं जे काही झालं, त्याला तो स्वतः सोडून दुसरं कुणीही जबाबदार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. (तो अजूनही ई-मेललाच शिव्या देतो.) मेल साधा होता. तुमच्या सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टीम आता जुनी झाली, ऑक्टोबरपासून तिला सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, तेव्हा नवी टाकायची का, ते ठरवा. बस.

ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली. दारावर पाटी, 'हेमकांत कृषी सल्ला केंद्र'. केळी, पपई, ऊस लावणाऱ्यांच्या शेतातली माती तपासून घ्यायची, खत किती ते सांगायचं, पानांवरचा रोग ओळखायचा आणि त्याचा छापील रिपोर्ट द्यायचा, असा नऊ वर्षांचा धंदा. यातलं माती, खत आणि रोग एवढं ममता बघायची. ममता म्हणजे हेमकांतची बायको, एम.एस्सी. अ‍ॅग्री. हेमकांत बी.कॉम., त्यामुळे छापील भाग त्याच्याकडे. म्हणजे प्रिंटरमध्ये कागद भरायचा आणि बाहेर आला की सही ठोकायची. घरातला एकुलता एक एसी सर्व्हरच्या खोलीत होता, कारण सर्व्हरला उष्णता सोसत नाही. हेमकांतलाही सोसत नाही, म्हणून तो सर्व्हरला सोबत करायचा. चव्वेचाळीस डिग्रीत स्कूटीवरून बागा फिरणं ममताच्या वाट्याला होतं.

रिपोर्टाखाली ओळ एकच, 'सल्लागार: हेमकांत चुडामण पाटील'. तीन वर्षांपूर्वी ममताने म्हटलं होतं, माझंही नाव टाका. पाटल्या मागितल्या नव्हत्या, तोडे मागितले नव्हते. पण हेमकांतने ठोकून दिलं, की जुन्या सिस्टीममध्ये रिपोर्टाचा नमुना बदलता येत नाही, नवी टाकू त्या दिवशी पहिलं काम तुझ्या नावाचं. हे साफ खोटं होतं. नमुना दोन मिनिटांत बदलता येत होता आणि बदलता येणारी घरात ममताच होती. तरी तिने स्वतःहून बदलला नाही. नवऱ्याने आपल्या हाताने नाव टाकावं, एवढीच तिची हौस होती आणि तीन वर्षं ती वाट बघत होती.

मेल आल्या दिवशी हेमकांतने स्वयंपाकघराच्या दारातून तिला विचारलं. तिने भाकरी थापता थापता उत्तर दिलं.

"नवी टाकनीच पडी. पन आते नको. केळीनी लागवड होऊ द्या, मंग श्रावणमा दखू. आन पहिले जुना कंप्युटरवर टाकीसन दखू, आपला मातीना प्रोग्राम त्यावर चालस का नही."

उत्तर पूर्ण होतं, बरोबर होतं आणि फुकट होतं. हेच एखाद्या पुण्याच्या माणसाने टाय लावून सांगितलं असतं, तर हेमकांतने त्याला शाल-श्रीफळ दिलं असतं. भाकरीच्या पिठाच्या हाताने मिळालेला सल्ला त्याला सल्ला वाटेना. गावाला सल्ले देणाऱ्या या माणसाने मग घरात लग्न ठरवताना किंवा बोअर मारताना करतात तेच केलं. त्याने भाऊबंदांची बैठक बोलावली.

रविवारी सर्व्हरच्या खोलीत एसी लावून मंडळी बसली. चुलते राजेंद्र आप्पा, एसटीतून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले. चुलत भाऊ नवनीत, नंदुरबारला सीसीटीव्ही कॅमेरे बसवणारा. आणि भटूमामा, ज्यांना बोलावलं नसतं तर दोन वर्षं अबोला धरला असता. बैठकीत बायका बसत नाहीत. ममता आत चहा करत होती. म्हणजे ज्या सर्व्हरचा निकाल लागणार होता, तो रोज चालवणारी एकटीच व्यक्ती गॅससमोर उभी होती, आणि यात कुणाला काही खटकलं नाही.

आप्पांनी सर्व्हरचं वय विचारलं. नऊ वर्षं म्हटल्यावर ते म्हणाले, काढी टाका. भटूमामांनी विचारलं, काही त्रास देतो का. नाही म्हटल्यावर ते म्हणाले, मग हात कशाला लावता. इथून दोन पक्ष पडले आणि वाद सर्व्हरवरून पाटचारीच्या पाण्यावर, तिथून आप्पांच्या धाकट्या मुलीच्या सोयरिकीवर गेला. शेवटी नवनीत म्हणाला, सुरतला सगळ्यांनी नवीच टाकलीय. सुरतचं नाव निघाल्यावर आमच्या भागात वाद संपतो, तसा तो संपला.

दुसऱ्या चहाच्या वेळी ममता दारापर्यंत आली. आतूनच म्हणाली, "मातीना प्रोग्राम नवीनवर चाली का, ते नवनीतभाऊले इचारा."

"दखू मंग," हेमकांत म्हणाला. "चहामा साखर कमी शे."

मग मुहूर्त. आप्पांनी आखाजी काढली. अक्षय तृतीया, साडेतीन मुहूर्तांतली, पंचांग बघायलाही नको. आखाजीला सगळ्या सासुरवाशिणी माहेरी जातात आणि ममताही दरवर्षी कळसाडीला जाते, हे चौघांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. अशा गोष्टी लक्षात ठेवणं बायकांकडे असतं आणि बायका आत होत्या.

नवनीतने जाता जाता विचारलं, की रिपोर्टाचा नवा नमुना करतोच आहे, तर खाली दोन नावांची जागा ठेवतो, दुसरं कुणाचं लिहू. हेमकांतने स्वयंपाकघराकडे बघितलं. खरंच बघितलं, तेवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. तेवढ्यात आप्पा खाकरले. आणि हेमकांतच्या तोंडून निघून गेलं, 'मार्गदर्शक: राजेंद्र आप्पा पाटील'. आप्पा म्हणाले, मन्हं कसाले, आणि नावाची फोड नीट सांगितली. आत नळ चालू होता, तो बंद झाला.

मंडळी गेल्यावर हेमकांतची आई, तापीबाई, कपबशा गोळा करायला आली. म्हणाली, "तिन्हं नाव टाकतास ना, बेटा."

"आप्पासले वाईट वाटतं."

"आन तिले?"

"ती घरनी शे," हेमकांत म्हणाला. तापीबाईने कपबशा जरा जोरात उचलल्या.

आखाजीच्या आदल्या दिवशी ममता बॅग घेऊन कळसाडीला गेली. भांडली नाही, रडली नाही, जाताना दुधाला विरजण लावून गेली. हेमकांतला वाटलं, राग गेला. (लग्नाला बारा वर्षं होऊनही त्याला ही बाई समजली नव्हती.)

आखाजीच्या सकाळी सर्व्हरला कुंकू लावलं, नारळ फोडला. नवनीतने बाह्या सरसावल्या आणि पासवर्ड विचारला. पासवर्ड ममताला माहीत होता. आता आखाजीच्या दिवशी सासुरवाडीला फोन करायचा तर जावयाने आमरसाच्या आमंत्रणावर बोलायचं, पासवर्ड कसा मागायचा? आणि मागितला असता तर ऑफिस कोण चालवतं, ते नवनीतसमोर उघडं पडलं असतं. हेमकांत म्हणाला, त्यापेक्षा कोरंच टाक.

"जुनं समदं जाई, भो."

"जाऊ दे. मुहूर्त निंघी जाई."

दोन तासांत नवी सिस्टीम बसली. पडद्यावर सुंदर डोंगर आला. मातीचा प्रोग्राम मात्र त्यावर उघडेना, आणि उघडला असता तरी आत घालायला काही उरलं नव्हतं. नऊ वर्षांच्या माती गेल्या, खतं गेली, चारशे शेतकरी गेले. चाललं ते एकच, नवनीतचा नमुना. हेमकांतने तो कोराच छापून बघितला. वर काही नाही, मध्ये काही नाही, खाली सल्लागार आणि मार्गदर्शक. तो कागद हातात धरला आणि त्याला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

शेतकरी यायचे, विचारायचे, "ताई कोठे शे?" माहेरी, म्हटलं की मोटरसायकल तिथल्या तिथे वळवायचे. आठव्या दिवसापासून कुणी येईना. एसीत सर्व्हर आणि हेमकांत दोघे गार बसून राहिले. आखाजीच्या लेकी आठ दिवसांत परततात. ममता पंधरा दिवस झाले तरी आली नाही. तापीबाईने फोन केला की ती गोड बोलायची आणि "दोन दिन ऱ्हासू" म्हणायची. हेमकांतने केला की उचलायची नाही. धंदा बुडाला तर कुठल्यातरी पतपेढीत चिकटता आलं असतं, पण ममता परत आलीच नाही तर काय, या विचाराने त्याची झोप उडाली. माफी मागायला जावं, तर माफी कशी मागतात याचा सराव नव्हता. काहीतरी निमित्त हवं होतं.

निमित्त त्याने मोठं हुशारीने काढलं. रनाळ्याच्या मावशीच्या केळीवर रोग पडलाय, पान दाखवायला आलो, असं म्हणायचं. वाटेत एका मळ्याच्या कुंपणाशी गाडी थांबवून त्याने एक पिवळट पान तोडलं, पिशवीत घातलं आणि कळसाडी गाठली.

सासरे धुडकू पाटील ओट्यावर होते. लिंबाला आखाजीचा झोका अजून तसाच बांधलेला होता आणि त्याच्या शेजारी टेबल मांडून ममता बसली होती. पुढे लॅपटॉप, त्याला जोडलेली तळहाताएवढी हार्ड डिस्क. दर शनिवारी सर्व्हरची नक्कल काढून ती डिस्क ती पर्समध्ये ठेवायची, हे हेमकांतला आज कळलं. चारशे शेतकरी त्या पर्समधून माहेरी आले होते आणि त्यातले आठ जण समोर रांगेत उभे होते.

जावयाला खाट आणि सरबत मिळेल, या हिशेबाने हेमकांत ओट्याकडे वळला. धुडकू पाटील बसल्या जागेवरून म्हणाले, "पाव्हना, रांग तथी शे."

तासभर तो उन्हात उभा राहिला. पाणी मागायची त्याला हिंमत झाली नाही. नंबर आला तेव्हा तो टेबलावर वाकला आणि मागच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलला.

"घर चाल, ममता. मन्हं चुकनं. तुन्हं नाव टाकसू. मन्हा नावना वर टाकसू."

ममताने मान वर केली. डोळे भरून आले होते की ऊन लागलं होतं, ते त्याला कळलं नाही. ती म्हणाली, "पान दखाडा."

त्याने पान दिलं. तिने ते उलटं बघितलं, सुलटं बघितलं, शिरेवरून बोट फिरवलं. "कोन्हा बागमातलं शे?"

"रनाळेनी मावशीना. केळीना."

ती जरा थांबली. मग सगळ्या शेतकऱ्यांशी बोलायची त्याच शांत आवाजात म्हणाली, "मावशीले सांगा, काळजी करू नका. हाई केळीनं पान नही. हाई कर्दळ शे."

रांगेत कुणीतरी खोकलं. ममताने पान बाजूला ठेवलं, पुढच्याची फाईल उघडली, आणि तेव्हा कुठं धुडकू पाटलांनी जावयाला पाणी विचारलं.