रवळूच्या आवाजाची पावती

मोरेखोल गावच्या वाचनालयातल्या संगणकात दोन आवाज राहत होते. त्यांनी एकमेकांसोबत वाजायला नकार दिला, तेव्हा प्रकरण रीतीप्रमाणे तंटामुक्ती समितीकडे गेलं.

रीतीप्रमाणे म्हणजे, आधी रवळूनं स्वतः सगळं करून पाहिलं होतं. रवळू सुतार वाचनालयाचा कारकून, शिपाई आणि संगणकातला जाणकार, तिन्ही एकटाच. वय तेवीस, शाळा नववीत सोडलेली. का सोडली ते घरी कुणाला नीट कळलं नव्हतं. वर्गात उभं राहून धडा वाचायची पाळी आली की त्याचा आवाज घशात बसून राहायचा आणि पोरं हसायची, एवढंच कारण होतं. संगणक त्याला कधी मोठ्यानं वाच म्हणाला नाही, म्हणून त्या दोघांचं जमलं. संगणक जुना होता, तालुक्याच्या एका कॉलेजनं अडगळीत टाकलेला. रवळूनं त्यावर लिनक्स नावाची फुकटची प्रणाली चढवली होती, कारण म्हाताऱ्या यंत्राला ती झेपते. स्पीकर एकच होता, काळा, करवंटीएवढ्या तोंडाचा.

पहिला आवाज होता वाचकाचा. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते तो मोठ्यानं वाचायचा, सपाट, मध्ये श्वास न घेता. तो आणला होता रेणुका देसाईसाठी. रेणुकाला दिसत नव्हतं आणि ती बारावीला बाहेरून बसली होती. रवळू सकाळी तिच्या पुस्तकांची पानं टाईप करायचा, संध्याकाळी चार ते सहा वाचक ती वाचायचा, आणि रेणुका हनुवटीखाली मूठ धरून ऐकायची.

दुसरा आवाज होता तानपुऱ्याचा. धोंडूतात्या गुरवांच्या बोटांत तार छेडण्याइतकी ताकद उरली नव्हती, म्हणून रवळूनं त्यांच्यासाठी संगणकात तानपुरा बसवून दिला होता. तात्या रोज चारला येत, खिडकीजवळच्या खुर्चीवर टेकत आणि डोळे मिटत. गात नसत. नदीत पाय सोडून बसावं तसे त्या आवाजात बसून राहत.

वर्षभर दोघे एकाच स्पीकरमधून गुण्यागोविंदानं वाजले. तानपुऱ्यावरून वाचकाचा भूगोल अलगद वाहत जायचा. मग एका मंगळवारी रवळूनं संगणकाचं नवं अपडेट घेतलं, आणि बुधवारी तानपुरा लागला तो लागलाच. वाचक काही केल्या बोलेना.

रवळूनं वायर काढून परत लावली. संगणक बंद करून चालू केला. दोघांनाही काढून टाकून पुन्हा बसवलं. शेवटी स्पीकर कुणाच्या ताब्यात आहे याची यादी मागवली. पडद्यावर आलं: तानपुरा, हजर. वाचक, हजर, परंतु शेजारी बसणार नाही. मग त्यानं इंटरनेटवर शोधलं. परदेशातल्या एका माणसाला अकरा वर्षांपूर्वी हीच अडचण आली होती. त्याखाली दुसऱ्यानं लिहिलं होतं की आमच्याकडे दोन्ही व्यवस्थित वाजतात. आणि त्याखाली पहिल्यानंच लिहिलं होतं, "सुटलं." कसं सुटलं ते लिहिलं नव्हतं.

रेणुकाच्या परीक्षेला नऊ दिवस होते आणि अख्खा भूगोल राहिला होता.

समितीचे अध्यक्ष बाळकूआण्णा नाईक. गावात तीन वर्षांत एकही तंटा झाला नव्हता आणि समितीचं रजिस्टर कोरं पडून होतं, त्यामुळे आण्णांनी रवळूला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि छापील अर्ज पुढं केला. वादीचं नाव, वाचक. प्रतिवादीचं नाव, तानपुरा. वडिलांचं नाव या रकान्यापाशी रवळू अडला. विचार करून त्यानं दोन्हीकडं लिनक्स असं लिहिलं. आण्णांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हंजे भावाभावांचं हाय," ते म्हणाले. "हे लई वंगाळ असतंय बघ."

त्यांनी नियम समजावून सांगितला. तीन बैठका होतील. तिसऱ्या बैठकीत मिटलं नाही तर प्रकरण तालुक्याला जाईल, आणि वादाची वस्तू, म्हणजे स्पीकर, सील होऊन पंचायतीच्या कपाटात राहील. तालुक्याहून तारीख यायला दोन महिने लागतात. रवळूनं मान हलवली. दोन महिन्यांत परीक्षा होऊन गेलेली असणार, हे त्याला सांगावंसं वाटलं, पण त्यानं चहा प्यायला.

पहिली बैठक वाचनालयातच झाली, कारण पक्षकारांना चालत येता येत नव्हतं. पालक म्हणून वाचकाकडून रेणुका बसली, तानपुऱ्याकडून धोंडूतात्या. आण्णांनी वाचकाला म्हणणं मांडायला सांगितलं. वाचकाला रेणुकाच्या पुस्तकांतली वाक्यं तेवढी येत होती, म्हणून तो त्यांतच बोलला. "या प्रदेशात बाराही महिने एकसारखी स्थिती असते. ऋतू बदलत नाहीत. त्यामुळे पेरणीसाठी योग्य वेळ सापडत नाही."

"तो म्हणतोय, तानपुरा मध्ये थांबतच नाही," रेणुकानं समजावलं. "मग ह्यानं सुरुवात करायची कधी?"

तानपुऱ्याला विचारलं तेव्हा त्यानं षड्ज दिला. आण्णांनी लिहून घेतलं आणि तात्यांकडं पाहिलं.

"त्याला राग न्हाई," तात्या म्हणाले. "पण ह्या वाचकाला सूरच न्हाई. दगडं मोजल्यागत बोलतोय. वरसभर सोसलं त्यानं. आता बेसुराच्या मांडीला मांडी लावून बसणार न्हाई म्हणतोय."

"तात्या, त्यानं काय सुरात शिकवायचाय का भूगोल?" रेणुका म्हणाली.

"सुरात शिकवला असता तर मीबी शिकलो असतो, बाय."

आण्णांनी तोडगा काढला की वेळ वाटून घ्यावी. चार ते पाच तानपुरा, पाच ते सहा वाचक. दुसऱ्या दिवशी पाचला रवळूनं तानपुरा बंद केला. आवाज थांबला, पण जागा सुटली नाही. पंगतीतून उठून गेलेल्या माणसानं पाटावर पंचा टाकून ठेवावा तसं झालं. सहापर्यंत वाचनालयात नुसती शांतता वाजत राहिली. रेणुका तीही ऐकत बसली होती.

दुसरी बैठक सहा दिवस उरलेले असताना झाली. आण्णांनी वाटणी सुचवली. रवळूनं माळ्यावरून दुसरा स्पीकर काढला, पडदा फाटलेला. पण भावकीच्या वाटणीत होतं तेच झालं. दोघांनाही जुनाच हवा होता. आण्णा म्हणाले की आपल्या बांधावरसुद्धा असंच झालं होतं, आणि बैठक उठली.

मधल्या दिवसांत रेणुका रोज चारला येतच राहिली. एकदा तिनं विचारलं, "रवळू, तू टाईप करतोस तेव्हा धडा तुझा पाठ होत असंल न्हाई?"

"थोडा."

"मग तूच वाच की. दोन दिवस वाचलास तरी पुष्कळ झालं."

रवळूनं पुस्तक उघडलं. पहिला शब्द 'मानवी' होता. तो त्याला दिसत होता, त्याचा अर्थ कळत होता, तो शब्द त्यानं स्वतः टाईप केला होता. घशात मात्र नववीचा अख्खा वर्ग येऊन बसला. बराच वेळ गेला. रेणुका म्हणाली, "ऱ्हाऊ दे." ती रागावली नव्हती, आणि हे त्याला जास्त लागलं.

तिसऱ्या बैठकीला परीक्षा दोन दिवसांवर होती. आण्णा सील आणि लाख घेऊनच आले होते. त्यांनी सांगितलं की दोघांना एकमेकांशेजारी बसायचं नसेल तर मध्ये तिसरा बसवावा लागेल. दोघे आपापलं त्याच्याकडं देतील, तो एकत्र करून पुढं देईल. पण तो दोघांनाही पसंत पाहिजे. आण्णांनी स्वतःचा आवाज देऊ केला. तानपुऱ्यानं तंबाखूचं कारण देऊन नाकारला. शाळेची घंटा वाचकानं नाकारली. गिरणीचा आवाज दोघांनीही नाकारला. आण्णांनी काडी ओढून लाख तापवायला घेतली आणि रीत म्हणून मागच्या दोन बैठकांचं इतिवृत्त वाचायला सांगितलं. त्यांचे हात गुंतले होते. तात्यांना लिहितावाचता येत नव्हतं. रेणुकाला दिसत नव्हतं.

रजिस्टर रवळूच्या हातात आलं.

त्यानं लाखेकडं पाहिलं. ती मऊ होऊन टपटपायच्या बेतात होती. रेणुकानं हनुवटीखाली मूठ धरली होती, नेहमी ऐकताना धरायची तशी. वाचायला आता काही नसताना तिनं तसं बसावं हे त्याला बघवेना. त्यानं तोंड उघडलं.

"दिनांक तीन," रवळू म्हणाला, अगदी हळू.

स्पीकरमधून तानपुरा आपणहून सुरू झाला, रवळूच्या आवाजाखाली, त्याच्या आवाजाच्याच पट्टीत. रवळू थबकला, तसा तोही थबकला. "वाच, वाच," तात्या डोळे न उघडता म्हणाले. रवळूनं पुढचं वाक्य घेतलं. तानपुरा परत आला. तिसऱ्या वाक्याला वाचक आला आणि रवळूच्या आवाजाला धरून चालू लागला, हळूहळू श्वास घेत, वाक्याच्या शेवटी थोडा खाली उतरत. दोन्ही बैठकांचं इतिवृत्त तिघांनी मिळून वाचलं. खिडकीतून आलेलं ऊन जमिनीवरून सरकत कपाटाच्या पायापर्यंत गेलं, आणि तोवर कुणीच जागचं हललं नाही. लाख थंड होऊन गेली.

आण्णांनी तडजोडनामा लिहायला घेतला. रवळू सुतार यानं आपला आवाज रोज चार ते सहा संगणकात जमा करावा. त्या वेळात तो आवाज मध्यस्थ म्हणून काम करेल आणि रवळूला वापरता येणार नाही.

"परत मिळंल नव्हं?" रवळूनं विचारलं.

"सहाला मिळंल. पावती देतो की."

आवाज जमा करताना दुखलं नाही. बोलायला तोंड उघडावं आणि बोलायचं काय ते आठवू नये, तसं वाटलं. आण्णांनी पावतीवर शिक्का मारला: एक आवाज, मध्यम, चालू स्थितीत. वाचक आणि तानपुरा यांच्या सहीच्या जागी रवळूनं स्पीकरचा गोल उमटवून घेतला. मग रीतीप्रमाणे एकाच किटलीतला चहा सगळ्यांनी घेतला आणि स्पीकरजवळ दोन कप ठेवले.

दोन दिवसांत भूगोल झाला. सहा वाजता आवाज परत आला की रवळूला तो थोडा गरम लागायचा, दुसऱ्यानं वापरून दिलेल्या शालीसारखा. सकाळी दुकानात तो अर्धा किलो कांदे मागायचा ते आता सुरात मागायचा, आणि कधी मध्येच त्याच्या तोंडून लोकसंख्येची घनता निघून जायची. दुकानदार कांदे बांधून द्यायचा.

रेणुका पास झाली. भूगोलात सगळ्यात जास्त पडले. तालुक्याला कॉलेजात नाव घातलं, वसतिगृहात खोली मिळाली आणि वाचक तिच्याबरोबर कॉलेजच्या संगणकात गेला. आठवड्यानं तिचा निरोप आला की वाचक तिथं तोंड उघडत नाही. रवळूनं जाऊन यादी मागवली. पडद्यावर आलं: वाचक, हजर, परंतु एकटा वाजणार नाही.

आण्णांनी तडजोडनामा काढून पाहिला आणि तानपुरा अन् रवळूचा आवाज दोन्ही तालुक्याला पाठवायचा बदलीचा अर्ज पुढं केला. तात्या लगेच तयार झाले. म्हणाले, तानपुरा न्या, शनिवारी तेवढा आणा, बाकीचे दिवस मी त्या खुर्चीवर बसलो तरी मला ऐकू येतो. रवळूनं अर्ज एक दिवस स्वतःजवळ ठेवला. त्या संध्याकाळी तो ओढ्याकडं गेला आणि दगडावर बसून नववीच्या पुस्तकातला जो धडा त्या दिवशी वाचायचा राहिला होता, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचला. हसलं कुणी नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं अर्जावर लिहिलं, हरकत नाही.

तेव्हापासून रवळूचा आवाज सोमवार ते शनिवार तालुक्याला असतो. गावात फारसं अडलं नाही. दुकानदाराच्या तर तीन आठवडे लक्षातच आलं नव्हतं. लक्षात आलं तेव्हा तो एवढंच म्हणाला की आवाज हिशेबाला बरा होता. शनिवारी साडेचारच्या एसटीनं रेणुका येते तेव्हा आवाज बरोबर येतो. रवळू फाट्यावर पावती घेऊन उभा असतो.

गेल्या शनिवारी गाडी थोडी उशिरा आली. रेणुका काठी टेकत उतरली, तिनं हात पुढं केला, त्यानं तिच्या हातात पावती दिली आणि त्याला त्याचा आवाज मिळाला. गाडी निघून गेली. धूळ बसेपर्यंत रवळू उगाच घसा साफ करत राहिला. वाटेत काय बोलायचं ते त्यानं सहा दिवस ठरवलं होतं, आणि आता सुरुवात कशी करावी ते सुचत नव्हतं.

"रेणुका," तो म्हणाला, "मला तुला एक सांगायचं हुतं."

"माहीत हाय," ती म्हणाली. "तुझ्या आवाजानं सांगितलं मला. बुधवारी."

रवळूनं तिची पिशवी खांद्याला लावली, आणि दोघं वाचनालयाच्या वाटेला लागले, कारण तात्या खुर्चीवर येऊन बसले असणार होते. पावतीची मुदत सोमवारी सकाळी सातपर्यंत होती.