दौलतीचा पेनड्राइव्ह उठेना, त्या प्रकरणीची हकीकत

श्रीगजवदन साक्षी. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमी, मंदवासरी, ऐन विजयादशमीस एका दौलतीवर ऐसा प्रसंग गुदरला की लिहिता लेखणी थबकते. दौलतीचे चिटणीस अंताजीपंत. सारे दफ्तर त्यांच्या एका पेनड्राइव्हात; तो कोणत्याही लॅपटॉपास लावावा आणि त्यातील लिनक्स नामे यंत्रप्रणालीने मागील सारे लिहिलेले घेऊन उठावे, ऐसी योजना. त्यांतच शेजारच्या दौलतीशी व्हावयाचा तहनामा. त्या शेजाऱ्यांचे वकील सदरेस येऊन बसले आणि दोन प्रहरांत तह हाती न आलियास फौजा निघतील म्हणोन बोलिले. मग पंतांनी पेनड्राइव्ह लाविला, तो काळा पडदा आणि वर एकच ओळ, की 'दफ्तर' नावाचे काही सापडत नाही. बूट होत नाही ऐसे महाराजांस कळविले, तेव्हा महाराजांनी आपल्या पायांकडे पाहिले.

मग यंत्रशाळेच्या कारभारीण कावेरीताई आल्या आणि त्यांनी पोर्ट बदलिले, लॅपटॉप बदलिला, उठवावयास आधी पेनड्राइव्ह मग डिस्क ऐसा क्रम लाविला, ओळ तीच. सदरेवरील कोणी म्हणाले, पुसून नवा करावा. तह पुसला जाईल हे ध्यानी येऊन पंतांनी पेनड्राइव्ह मुठीत घट्ट धरिला. मग ताईंनी पेनड्राइव्ह आपल्या यंत्रावर उघडिला, तो आत दफ्तर शाबूत, आणि पेनड्राइव्हाचे नाव वाचोन ताईंनी कपाळास हात लाविला.

"पंत, काल याला काय केलंत?"

"खंडेनवमीची पूजा. कुंकू लावलं नाही हो, आत जाईल म्हणून. नावाआधी फक्त श्री घातलं."

"अहो, लिनक्स उठताना 'दफ्तर' अशी हाक मारतं. तुमचं झालं 'श्रीदफ्तर'. ओ देणार कोण? काढा ते श्री."

"श्री पुसू? दसऱ्याला? त्यापेक्षा फौज येऊ दे, ताई."

सदरेने कानांवर हात ठेविले. शत्रूच्या वकिलांनीही ठेविले. मग ताईंनी दातओठ खाऊन, उठतेवेळी कोणत्या नावाने हाक मारावी ती ओळ उघडिली आणि तिथेच श्री टंकिले, आणि लिनक्स उठले, आणि तहनामा निघाला, आणि शिक्कामोर्तब जाहले.

एणेप्रमाणे युद्ध टळले. ती दुरुस्ती एका उठण्यापुरतीच टिकते, ऐसे ताईंनी मागाहून सांगितले. सबब पंत आजतागायत रोज प्रातःकाळी स्नान करून स्वहस्ते श्री टंकितात, तेव्हा राज्य जागे होते. आणि यात काही बिघाड आहे ऐसे पंतांस अद्याप वाटत नाही.